पान उघडत नाही, म्हणून संगणक टाकून देऊ नका



‘नाचता येईना, अंगण वाकडे’ ही म्हण आपल्या आजी-आजोबांच्या तोंडी नेहमी असे. आजच्या घरात तिला नवे रूप आले आहे. इंटरनेटवरील एखादे पान उघडले नाही की मुलगा म्हणतो ब्राउझर बिघडला, वडील म्हणतात फोन जुना झाला, आई म्हणते वायफाय वाल्यांना फोन करा. तिघांचाही राग खरा असतो, परंतु कारण पुष्कळदा चौथेच असते. ते शोधून काढण्याची एक साधी रीत आहे. ती एकदा समजली की घरातील दहा वर्षांची मुलगीही ती पाळू शकते. त्या रीतीविषयी, आणि ब्राउझर कोणता घ्यावा या नेहमीच्या प्रश्नाविषयी आज थोडे लिहितो.

हा विषय केवळ करमणुकीचा राहिलेला नाही. परीक्षेचा निकाल, शिष्यवृत्तीचा अर्ज, विमानाचे तिकीट, बँकेचे खाते, भारतातील नातलगांची खबर, इतकेच काय, गणेशचतुर्थीला मुंबईच्या लालबागच्या राजाचे दर्शन, हे सर्व आता पडद्यावरच्या पानांतून येते. अर्जाची मुदत आज रात्री संपत असेल आणि पान उघडत नसेल, तर त्या घरावर काय प्रसंग ओढवतो हे सांगायला नको.

ब्राउझर म्हणजे काय?

ब्राउझरला कोणी मराठीत ‘न्याहाळक’ म्हणतात. दूरच्या संगणकावर ठेवलेले पान मागवणे आणि ते आपल्या पडद्यावर मांडणे, हे त्याचे काम. पहिला ब्राउझर टिम बर्नर्स-ली यांनी १९९० साली स्वित्झर्लंडमधील सर्न या संशोधन संस्थेत तयार केला. १९९३ साली मोझेक आला, १९९४ साली नेटस्केप, १९९५ साली इंटरनेट एक्सप्लोरर. पुढे सफारी २००३ मध्ये, फायरफॉक्स २००४ मध्ये आणि क्रोम २००८ मध्ये आले. एके काळी सर्वत्र नाव असलेला नेटस्केप २००८ साली कायमचा थांबला. इंटरनेट एक्सप्लोररला मायक्रोसॉफ्टने १५ जून २०२२ रोजी निवृत्त केले. तेव्हा ब्राउझर म्हणजे एकदा विकत आणून पिढ्यानपिढ्या वापरायचा पितळी तांब्या नव्हे. तो फळझाडासारखा आहे, त्याची निगा कोणीतरी राखत असेल तोवरच तो उपयोगाचा.

निवड कशी करावी?

लोक विचारतात, सर्वांत वेगवान ब्राउझर कोणता? माझ्या मते हा प्रश्न दुसऱ्या क्रमांकाचा आहे. पहिला प्रश्न असा विचारावा: माझ्या यंत्रावर या ब्राउझरच्या सुधारणा अजून येतात काय? सुधारणा थांबल्या की दोन गोष्टी घडतात. चोरांना ठाऊक झालेली भोके बुजवली जात नाहीत, आणि नवी पाने नीट उघडेनाशी होतात. उदाहरणार्थ, विंडोज ७ आणि ८.१ वर चालणारी क्रोमची शेवटची आवृत्ती १०९ होती, ती जानेवारी २०२३ मधील. ज्यांच्या घरी असा संगणक अजून आहे, त्यांनी ब्राउझरला शिव्या देऊन उपयोग नाही. त्याच्या खालची विंडोज जुनी झाली आहे. असा संगणक लेखन आणि छपाईसाठी खुशाल ठेवा, पण बँकेचे काम त्यावर करू नका.

दुसरी गोष्ट कुळाची. वरून ब्राउझर अनेक दिसतात, पण पान मांडणारे आतले इंजिन मुख्यत्वे तीनच प्रकारचे आहे. क्रोम, एज, ऑपेरा, ब्रेव्ह आणि सॅमसंग इंटरनेट ही भावंडे ब्लिंक नावाच्या इंजिनावर चालतात. सफारीचे इंजिन वेबकिट. फायरफॉक्सचे गेको. यातून एक उपयुक्त नियम निघतो. एखादे पान क्रोममध्ये वाकडेतिकडे दिसले आणि तुम्ही ते एजमध्ये उघडले, तर तुम्ही त्याच घरातल्या धाकट्या भावाचे मत विचारले. खरे दुसरे मत हवे असेल तर फायरफॉक्सला विचारावे. आपल्याकडील आयफोनवर मात्र ही युक्ती फारशी चालत नाही, कारण तेथे क्रोम व फायरफॉक्स या नावांच्या आतही सफारीचेच वेबकिट असते.

म्हणून घरातल्या संगणकावर दोन कुळांचे दोन ब्राउझर ठेवावेत: एक रोजच्या वापराचा, दुसरा अडचणीच्या वेळचा. रोजचा कोणता? ज्यांचा फोन अँड्रॉइड आहे आणि ज्यांची टपाले व छायाचित्रे गूगलकडे आहेत, त्यांना क्रोम सोयीचा पडतो. विंडोजवर एज आधीपासूनच असतो, तो वेगळा आणावा लागत नाही. फायरफॉक्सचा मालक मोझिला हा ना-नफा प्रतिष्ठान आहे. आपल्या मागावर राहणाऱ्या जाहिरातवाल्यांना अडवण्याची सोय त्यात चांगली आहे. संगणकाची स्मृती कमी असेल, म्हणजे चार गिगाबाइट किंवा त्याहून कमी, तर ब्राउझर बदलण्यापूर्वी उघडे ठेवलेले तीस टॅब बंद करावेत. पुष्कळ घरांत मंदपणाचे औषध एवढेच असते.

पान येते कोठून?

आता पानाचा प्रवास पाहू, म्हणजे तो कोठे अडतो ते कळेल. तुम्ही पत्ता लिहिता. ब्राउझर आधी त्या नावाचा आकडी पत्ता विचारतो, जसे आपण टेलिफोनच्या पुस्तकात नावावरून क्रमांक शोधत असू. या पुस्तकाला डीएनएस म्हणतात. ही व्यवस्था १९८३ साली निघाली. क्रमांक मिळाला की मागणी तुमच्या राउटरमधून, सेवा देणाऱ्या कंपनीतून, बेटाबाहेर जायचे असल्यास समुद्राखालच्या केबलमधून, दूरच्या संगणकापर्यंत जाते. तो संगणक आपले ओळखपत्र दाखवतो. ब्राउझर ते तपासतो. मगच पान येऊ लागते.

आपण बेटावर राहतो हे येथे महत्त्वाचे ठरते. २००२ साली सुरू झालेली सेफ केबल दक्षिण आफ्रिकेहून निघून रियुनियनला, आपल्या बे द्यु जाकोते येथे, भारतात कोचीला आणि पुढे मलेशियात पेनांगला जाते. नंतर २००९ मध्ये लायन, २०२१ मध्ये मेटिस आणि २०२३ मध्ये टी-थ्री या केबली आल्या. रॉड्रिग्ज बेटाला २०१९ पासून मार्स केबलने जोडले आहे. काचेच्या धाग्यातून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. येथून मुंबई सरळ रेषेत साडेचार हजार किलोमीटरांहून थोडी अधिक आहे. म्हणजे प्रश्न जाऊन उत्तर यायला, काहीही न अडता, सेकंदाचा सुमारे विसावा भाग लागतो. प्रत्यक्षात केबल सरळ रेषेत जात नाही, आणि एका पानासाठी असे अनेक हेलपाटे होतात. म्हणून मुंबईतील भाचा म्हणतो की अमुक वर्तमानपत्र चुटकीसरशी उघडते आणि आपल्याकडे ते रेंगाळते. त्याचा ब्राउझर आपल्यापेक्षा हुशार नसतो, त्याचे घर जवळ असते.

रोग ओळखण्याचा क्रम

पान उघडले नाही तर बटणे बडवू नयेत. खालील प्रश्न याच क्रमाने विचारावेत.

पहिला: एकच पान अडले आहे की सगळीच? दुसरे एखादे नेहमीचे पान उघडून पाहावे. ते उघडले तर तुमचे इंटरनेट ठीक आहे. क्रोममध्ये छोटा डायनासोर दिसला तर उलट समजावे: जोडणीच नाही.

दुसरा: एकच यंत्र अडले आहे की घरातली सगळी? संगणकावर न उघडणारे पान फोनवर पाहावे. फोनचे वायफाय बंद करून मोबाइल डेटावरही पाहावे. मोबाइल डेटावर उघडले आणि वायफायवर नाही, तर दोष घरच्या जोडणीत. राउटरची वीज काढावी, सावकाश तीसपर्यंत मोजावे, पुन्हा लावावी आणि दिवे स्थिर होईपर्यंत दोन-तीन मिनिटे थांबावे. चक्रीवादळानंतर राउटरचा दिवा लाल राहिला तर तार तुटली असण्याचा संभव आहे. तेव्हा कंपनीला कळवण्यावाचून मार्ग नाही.

तिसरा: पत्ता बरोबर आहे काय? एक अक्षर इकडचे तिकडे झाले तरी घर सापडत नाही.

चौथा: त्याच ब्राउझरच्या खासगी खिडकीत पान उघडते काय? क्रोममध्ये तिला इन्कॉग्निटो म्हणतात. ही चाचणी मला सर्वांत मोलाची वाटते. खासगी खिडकी जुने साठवलेले सामान वापरत नाही, आणि एक्स्टेन्शन म्हणजे जोडलेली छोटी अवजारेही बहुधा बाहेर ठेवते. तेथे पान उघडले तर गुन्हेगार या दोहोंपैकी एक. जाहिराती अडवणारे एक्स्टेन्शन बंद करून पाहावे. तरी न जमल्यास त्या एकाच संकेतस्थळाची कॅश आणि कुकी पुसावी. कॅश म्हणजे येथे पैसे नव्हेत, जुन्या पानांचे साठवलेले तुकडे; आणि कुकी म्हणजे त्या स्थळाने आपल्याकडे ठेवलेली खुणेची चिठ्ठी. घाईघाईने सगळ्या कुकी पुसू नयेत, नाहीतर सगळीकडे पुन्हा पासवर्ड विचारले जातील. पान अर्धवट किंवा जुने दिसत असेल तर संगणकावर कंट्रोल दाबून एफ-फाइव्ह दाबावे; ब्राउझर ते नव्याने मागवतो.

पाचवा: दुसऱ्या कुळाच्या ब्राउझरमध्ये उघडते काय? उघडले तर तूर्त काम तेथे उरकावे आणि पहिल्याची सुधारणा सवडीने करावी.

सहावा: नावाचे पुस्तक चुकते आहे काय? पडद्यावरच्या संदेशात डीएनएस हे शब्द असतील, आणि मोबाइल डेटावर तेच पान उघडत असेल, तर राउटरमध्ये किंवा संगणकात दुसरे पुस्तक लावता येते. गूगलचे ८.८.८.८ हे २००९ पासून आणि क्लाउडफ्लेअरचे १.१.१.१ हे २०१८ पासून सर्वांना मोफत आहे. आकडे अर्थातच इंग्रजी लिपीत लिहावे लागतात. हे काम घरातल्या जाणत्या मुलाकडून करून घेतलेले बरे.

संदेश वाचण्याची सवय

पडद्यावर आलेला संदेश वाचणे, हाच या सगळ्याचा गाभा आहे. आपण तो डोळ्यांआड करतो, कारण तो इंग्रजीत किंवा फ्रेंचमध्ये असतो आणि रागावल्यासारखा दिसतो. एक प्रसंग सांगतो. मार्च २०२० मध्ये आपल्या बेटावर संचारबंदी लागली आणि धडे पडद्यावर आले. एक मुलगा कधीच हजर नसे. त्याच्या नावापुढे रोज गैरहजर लागत होते, आणि तो आळशी आहे असा समज होऊ लागला होता. घरी आजोबांचा एकच जुना संगणक, त्यावर एकही पान उघडत नव्हते. ओळखीच्या एका दुकानदाराने फोनवरच निदान केले होते की हा संगणक संपला, दुकाने उघडली की नवा घ्या. आजोबांनी त्यासाठी पैसे बाजूला काढायलाही घेतले होते.

मी मुलाला फोनवर म्हटले, पडद्यावर काय लिहिले आहे ते अक्षर न् अक्षर वाच. त्याने वाचले: तुमचे घड्याळ मागे आहे. कोपऱ्यातली तारीख विचारली, तर ती अकरा वर्षांपूर्वीची होती. आतली नाण्याएवढी बॅटरी संपली होती, त्यामुळे संगणक बंद केला की तो तारीख विसरत असे. आता प्रत्येक सुरक्षित स्थळाच्या ओळखपत्राला ठराविक मुदत असते. अकरा वर्षे मागे असलेल्या संगणकाला आजचे ओळखपत्र अजून सुरूच झालेले दिसत नाही, म्हणून ब्राउझर दार उघडत नाही. तो बिघडला नव्हता, आपले काम इमानाने करत होता. पुढचे काही आठवडे त्या घरी सकाळी देवापुढे दिवा लावून झाला की संगणकाला तारीख लावण्याचा रिवाज पडला. दुकाने उघडल्यावर बॅटरी बदलली. त्या मुलाला आळशी ठरवणारी गोष्ट एका बॅटरीएवढी लहान होती, आणि ती पडद्यावर स्पष्ट लिहिलेली होती.

काही संदेशांत आकडे येतात. चारपासून सुरू होणारे आकडे बहुधा मागणीत काही चुकले असे सांगतात: ४०४ म्हणजे हे पान येथे नाही, ४०३ म्हणजे पाहण्याची परवानगी नाही. पाचापासून सुरू होणारे आकडे उत्तर देणाऱ्याचा दोष सांगतात: ५०० म्हणजे आतच काही मोडले, ५०३ म्हणजे सध्या सेवा उपलब्ध नाही. निकालाच्या दिवशी हजारो घरांतून एकाच वेळी मागणी गेली की ५०३ दिसणे साहजिक आहे. अशा वेळी ब्राउझर बदलणे, राउटर उपटणे, फोन आपटणे सारे व्यर्थ. पंधरा मिनिटे थांबून पुन्हा पाहावे. ४ ऑक्टोबर २०२१ च्या संध्याकाळी फेसबुक, व्हॉट्सॲप आणि इन्स्टाग्राम जगभर सुमारे सहा तास बंद पडले होते. त्या रात्री जगात किती राउटर उगाच बंद-चालू झाले असतील कोण जाणे! दोष त्या कंपनीच्या स्वतःच्या जाळ्यात होता.

मराठी अक्षरांची अडचण

आपल्या घरांत आणखी एक तक्रार ऐकू येते. भारतातील एखादे जुने मराठी पान उघडले की देवनागरीऐवजी रोमन अक्षरांची खिचडी दिसते. हा ब्राउझरचा दोष नव्हे. युनिकोड ही सर्व लिप्यांची समान पद्धती १९९१ साली आली आणि देवनागरी तिच्यात पहिल्यापासून आहे; परंतु कित्येक मराठी प्रकाशने पुढे बरीच वर्षे आपापले खासगी फॉन्ट वापरत राहिली. तो फॉन्ट आपल्या संगणकावर नसला की खिचडी दिसते. फॉन्ट मिळवून बसवणे, किंवा मजकूर युनिकोडमध्ये बदलून देणारे साधन वापरणे, हे दोन उपाय आहेत. याउलट अक्षरांच्या जागी रिकामे चौकोन दिसत असतील, तर संगणकावर देवनागरीचा युनिकोड फॉन्टच नाही. गूगलचा नोटो हा फॉन्ट मोफत मिळतो. मुलांना मराठी वाचायला बसवण्यापूर्वी एवढे पाहून ठेवावे, नाहीतर त्यांना वाटते की ही भाषाच अवघड आहे.

एक इशारा

पान उघडत नसलेला माणूस घायकुतीला आलेला असतो, आणि चोर त्याचीच वाट पाहत असतात. ‘तुमचा ब्राउझर जुना झाला, येथे दाबा’ असे एखाद्या पानाच्या आत उगवलेले फलक खोटे समजावे. खरी सुधारणा ब्राउझरच्या स्वतःच्या यादीतून, सेटिंगमधून येते. नवा ब्राउझर घ्यायचा तर तो तयार करणाऱ्याच्याच स्थळावरून किंवा फोनच्या अधिकृत दुकानातून घ्यावा. ‘संगणकात विषाणू शिरला, या क्रमांकावर फोन करा’ असे दिसले तर फोन करू नये. खिडकी बंद करावी, न झाल्यास संगणक बंद करावा.

कुलुपाच्या चित्रावरही भाबडा विश्वास ठेवू नये. कुलूप एवढेच सांगते की वाटेत तुमचे बोलणे कोणी ऐकत नाही. पलीकडे बसलेला सज्जन आहे असे ते सांगत नाही. हा गैरसमज वाढला म्हणूनच क्रोमने सप्टेंबर २०२३ मध्ये कुलपाचे चित्र काढून टाकले. बँकेच्या किंवा सरकारी पानावर ओळखपत्राचा इशारा आला तर आधी आपली तारीख तपासावी. तारीख बरोबर असूनही इशारा राहिला तर ‘तरीही पुढे जा’ हे बटण दाबू नये.

शेवटी एक विनंती. वरचे सहा प्रश्न एका कागदावर मोठ्या अक्षरांत लिहा आणि राउटरच्या शेजारी भिंतीवर लावा. सर्वांत खाली लिहा: आधी संदेश वाचा. घरातील आजी-आजोबांना तो कागद एकदा समजावून सांगा, आणि पुढच्या वेळी पान अडले की त्यांच्याकडूनच पहिला प्रश्न विचारून घ्या. नवा संगणक लागेल तेव्हा जरूर घ्या. पण नाण्याएवढ्या बॅटरीसाठी घेऊ नका.